सर्व लेखकांची संमती

१

माणूस गेला की त्याच्याकडून पत्रं यायची थांबतात, एवढी साधी गोष्ट रोवेना डाबरे अठ्ठावन्न वर्षं गृहीत धरून चालली होती. तेरा ऑक्टोबरच्या सोमवारी सकाळी पावणेदहाला ती खोटी ठरली.

वसईतल्या एका कॉलेजातून निघणाऱ्या संशोधन षण्मासिकाची ती संपादक. तिचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, एक कॉम्प्युटर आणि पंखा लावला की उडणारे कागद. बाई नाकावर माशी बसू देत नसे; हिच्या हातून निबंध एकदाचा सुटला की लेखक पेढे वाटत. त्या सकाळी तिने पोर्टल उघडलं तर एक नवा निबंध येऊन बसला होता. विषय, बावखलाच्या पाण्याची पातळी आणि खारेपणा, बारा वर्षांच्या नोंदी. लेखक डॉ. फ्रेडरिक तुस्कानो आणि स्वप्नाली म्हात्रे. पाठवणारा फ्रेडरिक तुस्कानो. वेळ, आज सकाळी आठ बेचाळीस.

रोवेनाने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. आठ बेचाळीसच.

फ्रेडरिक दोन सप्टेंबरला पहाटे चार वाजता गेला होता. तीन तारखेला गिरीजच्या दफनभूमीत त्याच्या पेटीवर माती टाकणाऱ्यांत ती स्वतः होती. नखात गेलेली ती माती दोन दिवस निघाली नव्हती.

कोणीतरी त्याचं खातं वापरलं असणार, दुसरं काय! असं स्वतःला बजावून तिने निबंध उघडला आणि शेवटच्या तक्त्यावर आली. फ्रेडरिकच्या वाडीत पणजोबांनी खणलेलं बावखल आहे, गोड्या पाण्याचं लहानसं तळं. आजूबाजूच्या विहिरी त्याच्यावरच जगतात. त्याचं पाणी रोज सकाळी मोजलं जायचं. तक्ता एक सप्टेंबरला संपायला हवा होता. तो संपला नव्हता. दोन सप्टेंबर, सकाळी साडेसहा. तीन सप्टेंबर, सकाळी साडेसहा. थेट कालच्या, बारा ऑक्टोबरच्या तारखेपर्यंत. माणूस गेल्यानंतरच्या एक्केचाळीस सकाळी, एकही न चुकता. तक्त्याखाली फ्रेडरिकची नेहमीची ओळ होती : ‘सर्व मापे एकाच व्यक्तीने घेतली आहेत.’

आणि प्रत्येक पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा. फ्रेडरिकच्या निबंधांची ही खोड तिला बारा वर्षं छळत आली होती. दर वेळी शिव्या घालत ती एकेक जादा जागा पुसून काढायची. आज तिने कीबोर्डवरचा हात मागे घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे स्वप्नाली होती आणि तिला धड बोलता येत नव्हतं.

“मॅडम, सरांचा मेल आलाय.”

२

स्वप्नाली अर्ध्या तासात रिक्षाने आली. खाडीकाठच्या शेतकरी घरातली पोर, तुळिंजला भाड्याच्या खोलीत राहून फ्रेडरिककडे पीएचडी करत होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले.

“मला ऑटोमॅटिक मेल आला, मॅडम. तुमच्या सहलेखकाने निबंध सादर केला आहे. खाली सरांचं नाव. मी मोबाईल फेकूनच दिला.”

“बस. पाणी पी. आणि आता मी विचारते त्याची सरळ उत्तरं दे,” रोवेना म्हणाली. “थिसिस कधी द्यायचाय?”

“एकतीस ऑक्टोबरला. एक तरी पेपर ॲक्सेप्ट झालेला पाहिजे, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. सहा वर्षं वाया.”

“म्हणजे हा निबंध आल्याने फायदा कोणाचा? तुझाच.”

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. “मी नाही पाठवला. आईशप्पथ नाही. ऑगस्टपर्यंतचा ड्राफ्ट मी वाचला होता, ओके म्हटलं होतं. पुढचे आकडे मला माहीत पण नाहीत. मी फक्त शनिवारी जायचे, बाटल्यांतलं पाणी तपासायला.”

“पासवर्ड?”

“अख्ख्या घराला माहीत होता. सरांनी लॅपटॉपखाली चिठ्ठी चिकटवली होती. पण ओटीपी सरांच्या फोनवर येतो, आणि फोन घरीच आहे.”

“नोंदवही कुठाय?”

“दफनाच्या दिवसापासून सापडत नाही. बारा वर्षांची वही, मॅडम! मी पुतण्याला, मेलरॉयला विचारलं. तो म्हणाला, रद्दीत गेली असेल.”

रोवेनाने खिडकीबाहेर पाहिलं. बनावट आकड्यांचा संशय आला तर संपादकाने सात दिवसांत विद्यापीठाला कळवायचं, हा नियम षण्मासिकात होता. तो तिनेच लिहिला होता, आणि तिने आजवर कोणासाठी वाकवला नव्हता. कळवलं की या पोरीचं नाव कायमचं काळ्या यादीत जाणार होतं. 

“सात दिवस आहेत,” ती उठत म्हणाली. “चल, आधी फ्रेडरिकचं घर बघू.”

३

तुस्कानोंच्या घरात मेणाचा आणि पिकल्या केळ्यांचा वास होता. जीना, फ्रेडरिकची बायको, सहासष्ट वर्षांची, काळ्या कपड्यांत दारात उभी होती. तिने दोघींना बसवलं, सरबत दिलं आणि स्वतः समोर अगदी ताठ बसली. भिंतीवर लग्नाचा फोटो, शेजारी जीनाचं टायपिंगच्या परीक्षेचं पिवळं पडलेलं सर्टिफिकेट, त्याखाली नातवंडं. प्रार्थनेच्या कोपऱ्यात, आल्तारावर क्रूसाखाली फ्रेडरिकची तसबीर, पेटती मेणबत्ती, आणि मेणबत्तीशेजारी चार्जरला लावलेला फ्रेडरिकचा फोन.

“बंद करवत नाही,” जीना म्हणाली. “कधी कधी वाजतो. मी उचलत नाही. मधे मेलरॉयकडे होता, तेवढंच.”

स्वप्नालीने रोवेनाचा हात घट्ट धरला.

पाणी पिण्याच्या निमित्ताने रोवेना स्वयंपाकघरात गेली. मागच्या दाराशी शाळेतली असते तशी पाटी टांगलेली होती, तिच्यावर खडूने दोनच आकडे. चार फूट, दोन इंच. तिने बोट लावलं तर खडू बोटाला आला. ताजा होता. ती मागच्या दाराने वाडीत उतरली, केळींमधून बावखलापर्यंत गेली. शेवाळलेल्या पायऱ्या खाली हिरव्या पाण्यात गेल्या होत्या, आणि पाण्यात मापाची काठी उभी होती. तिने वरूनच वाकून, डोळे बारीक करून वाचलं. चार फूट, दोन इंच.

म्हणजे आकडे बनावट नव्हते. कोणीतरी खरोखर मोजत होतं. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं, पण भर दुपारी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“पाटीवर कोण लिहितं, जीनाबाय?” आत येऊन तिने विचारलं.

“त्याची पाटी आहे ती,” जीना शांतपणे म्हणाली. “ती कधी कोरी नसते.”

बाहेर बाईक थांबली आणि मेलरॉय आत आला. सातिवलीला त्याचा खोके बांधायचा गाळा होता. सगळं ऐकून तो हसला, पण ते हसू काही जमलं नाही.

“अंकल मेल्यावर पेपर पाठवतात? भारीच की!”

“फोन तुझ्याकडे होता म्हणे,” रोवेना म्हणाली.

“दोन दिवस होता, सप्टेंबरमध्ये. बँकेतला नंबर बदलायला. मग आणून ठेवला. आणि बाई, मला तो पेपर पाठवून काय मिळणार? कळंबला जाऊन बघा, वाडी वाडीत टुरिस्टांसाठी कॉटेजं झालीत. मी आंटीला सांगतोय, ते डबकं बुजवून टाकू, चार कॉटेजं काढू. पेपर छापून आला तर बुजवायला परवानगी कोण देईल? मी असतो तर डिलीट केला असता!”

जीनाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. रोवेनाला ती नजर आवडली नाही. फार शांत होती.

“तुम्ही कधी लॅपटॉप लावता, जीनाबाय?”

“मला तो माउस धरता येत नाही गं. हात थरथरतो,” जीनाने हात पुढे केला. तो खरंच थरथरत होता.

४

निघताना फाटकाशी रामू उभा होता. पंचवीस वर्षं तुस्कानोंच्या वाडीत काम करणारा माणूस. त्याने इकडे तिकडे बघून रोवेनाला थांबवलं.

“बाई, तुमी पान्याजवळ गेलता. सकाळच्या टायमाला नका जाऊ.”

“का रे?”

“सर येतात.” त्याचा आवाज खाली गेला. “निळा रेनकोट, डोक्यावर टोपी. पाऊस असो, नसो. पायऱ्या उतरतात, काठीपाशी वाकतात. मी तीनदा बघितला. आता मी आठाच्या आधी वाडीत पाय ठेवत नाय.”

“तोंड बघितलंस?”

“तोंड बघायला थांबतो कोन!” रामू म्हणाला. “आनि एक सांगतो, मला येडा म्हनू नका. रविवारी वाडीला सुट्टी, तेव्हा मी दफनभूमीतलं गवत कापतो. काल दुपारी सगळे जेवायला गेलेले, चिटपाखरू नाय. सरांच्या कबरीकडून आवाज आला. बोलत होता कोनीतरी. मधेच आकडे. इंग्रजीत, एकामागून एक, चर्चात मासला वाचतात तसे हळूहळू. तासभर तरी. मी इळा तिथंच टाकून पळालो.”

“बाईचा आवाज होता की बाप्याचा?”

“आकड्यांचा होता,” रामू म्हणाला, आणि फाटक लोटून वाडीत गेला.

स्वप्नाली रिक्षात बसली. मग एकदम म्हणाली, “मॅडम, नको मला डिग्री. तुम्ही कळवून टाका.”

“गप्प बस!” रोवेना कडाडली. ती स्वतःच घाबरली होती, म्हणून आवाज जरा जास्तच चढला.

५

घरी जाऊन रोवेनाने बारा वर्षांचा तक्ता छापून जेवणाच्या टेबलावर पसरला. भूत असो की माणूस, आकडे लिहितो म्हणजे त्याला सवयी असणार, आणि सवयी शोधण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं.

पहिली सवय पंधरा मिनिटांत सापडली. माप रोज साडेसहाला घेतलेलं, पण रविवारी सव्वाआठला. बारा वर्षं, प्रत्येक रविवारी. रविवारी सातला काय असतं? पहिली मास. आणि फ्रेडरिक वीस वर्षांत नाताळ सोडून चर्चची पायरी चढला नव्हता. फादरनी टोकलं तर म्हणायचा, देवाशी माझं भांडण नाही, उठण्याशी आहे.

तिची पेन्सिल थांबली. उठण्याशी? मग रोज साडेसहाला पाण्यावर कोण जात होतं?

तिने खाडे शोधले. दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत सलग एकोणीस दिवस कोरे. त्या महिन्यात फ्रेडरिक कुठे होता? तिने जुनी डायरी काढली. त्या कोऱ्या दिवसांतल्याच नऊ तारखेला तो तिच्याच कॉलेजात भाषण देत होता, चहाबरोबर तीन सामोसे खाऊन गेला होता. आणि दुसऱ्या लाटेत, एकवीसच्या एप्रिलमध्ये, तो चौदा दिवस हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होता. तेव्हाचा एकही दिवस रिकामा नव्हता.

फ्रेडरिक घरी असताना माप नाही, आणि नसताना आहे. म्हणजे बारा वर्षांत हा हात फ्रेडरिकचा कधी नव्हताच! ‘सर्व मापे एकाच व्यक्तीने घेतली आहेत.’ ओळ अक्षरशः खरी होती. फक्त ती व्यक्ती कोण, ते कुठेच लिहिलं नव्हतं.

मग उरलं कोण? रामूला रविवारी सुट्टी, आणि मासशी त्याचा संबंध नाही. स्वप्नाली फक्त शनिवारची. मेलरॉय रविवारी चर्चमध्ये गात असे, पण साडेनऊच्या मासला. त्याच्या आधी त्याला तोफेनेही कोणी उठवू शकत नव्हतं. तिने फ्रेडरिकचे जुने मेल उघडले. एक ओळ, नाही पूर्णविराम, नाही काही. दोन जागा सोडणारी बोटं त्याची नव्हतीच. ती बोटं टाइपरायटरवर शिकलेली होती, जिथे वाक्य संपलं की दोनदा जागा सोडायची शिकवण असे.

पिवळं सर्टिफिकेट तिच्या डोळ्यांपुढे आलं.

मंगळवारी सकाळी सव्वासहाला ती बावखलाच्या काठी केळींमागे उभी होती. दव पडलं होतं, पाण्यावरून धूर उठावा तशी वाफ येत होती. आपण उत्तर काढलंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी निळा रेनकोट पायऱ्या उतरताना दिसला, वर फ्रेडरिकची टोपी, फ्रेडरिकसारखाच किंचित डावीकडे कललेला, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. रेनकोट काठीपाशी वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

रोवेनाच्या तोंडून आपसूक एकच शब्द निघाला.

“किती?”

रेनकोट जागच्या जागी थिजला. पाठ वळली नाही. पण आतून आवाज आला, सवयीने आला.

“चार फूट, दीड इंच.”

आणि मग ती आकृती मटकन पायरीवर बसली आणि हमसाहमशी रडू लागली.

६

“गुडघे गेले होते त्याचे, पहिल्याच वर्षी,” स्वयंपाकघरात चहाचा कप दोन्ही हातांत धरून जीना सांगत होती. रेनकोट अजून अंगावरच होता. “या पायऱ्या कुठल्या उतरतोय तो! मी जायचे. खोलीतून हाक मारायचा, जीना, किती? मी सांगायचे, पाटीवर लिहायचे, तो वहीत उतरवायचा. लेकीच्या, ॲनिशाच्या बाळंतपणाला मी पुण्याला गेले, तेवढाच खाडा. टायपिंगही माझंच. माउस मला येत नाही ते खोटं नाही बोलले. मी टॅबचं बटण दाबत दाबत जाते.”

“आणि नाव? बारा वर्षांत एकदाही नाव घालावंसं वाटलं नाही त्याला?”

“त्याने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. बायकोचं नाव कुठे घालतात का गं?”

रोवेनाला गेलेल्या फ्रेडरिकचा असा राग आला की तिने कप आपटला. चांगला माणूस होता, हुशार होता, आणि या एका बाबतीत आंधळा होता. आणि तीही बारा वर्षं त्या जादा जागा पुसत राहिली होती. कोणाच्या बोटांच्या, हे तिनेही विचारलं नव्हतं.

“तो पहाटे चारला गेला,” जीना पुढे बोलली. “घर रडत होतं. साडेसहा वाजले आणि मला कळेना, आता काय करू. त्याचा रेनकोट घातला, त्याला त्याचा वास आहे, आणि पाण्यावर गेले. परत येऊन त्याच्या कानात सांगितलं. तेव्हापासून थांबता आलं नाही. मेलरॉय कपाट रिकामं करायला निघाला, म्हणून वही तांदळाच्या पिंपात लपवली. स्वप्नालीचा पेपर गेला पाहिजे, हे तो शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत होता. म्हणून पाठवला.”

“त्याच्या नावाने?”

“माझं खातं कुठाय?” जीना म्हणाली. मग जरा अडखळली. “सगळं भरलं. शेवटी एक चौकोन आला. सर्व लेखकांनी हा मसुदा वाचून संमती दिली आहे. त्यावर खूण केल्याशिवाय पुढे जात नाही ते. खोटी खूण कशी करू, रोवेना? स्वप्नालीने ऑगस्टमध्ये होकार दिला होता. त्याचा राहिला होता. म्हणून रविवारी दुपारी कागद घेऊन गेले आणि वाचून दाखवला. सगळा. तक्त्यासकट.”

कितीतरी लेखक त्या चौकोनावर डोळे मिटून टिचकी मारतात. तो वाचून कबरीवर जाणारी बाई रोवेनाला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होती. तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला ती ओरडली.

“पण स्वप्नालीला नवे आकडे दाखवले नाहीत! त्या पोरीवर बनवाबनवीचा आळ येणार होता, कळतंय का? तिचं नाव धुळीला मिळालं असतं!”

जीनाने तोंडावर हात ठेवला. “तिच्यासाठीच तर केलं गं.”

“मग आता नीट करू. हा निबंध मी परत पाठवते. कारण यातली पहिलीच ओळ चूक आहे. लेखकांची.”

तेवढ्यात मेलरॉय दारात आला. आंटीच्या अंगावरचा रेनकोट, टेबलावर आलेली वही बघून तो दचकला.

“वाडी माझ्या नावावर आहे, बाबा,” जीना त्याला म्हणाली. “मी जिवंत आहे तोवर पाणी मोजणार. रेकॉर्डला राहू दे.”

मेलरॉय बुटांकडे बघत उभा राहिला आणि थोड्या वेळाने स्वतःच चहा गाळून घेतला.

७

रोवेनाने नियम वाकवला नाही. आकडे बनावट नव्हते, म्हणून विद्यापीठाला नाही, पण संपादक मंडळाला सगळं लिहून कळवलं, वहीची पानं जोडली. नवा निबंध स्वप्नालीने एकेक आकडा तपासून पाठवला. दोन परीक्षकांना रोवेनाने स्वतः फोन केला, लवकर वाचा म्हणाली, गोड वाचा म्हणाली नाही. एकाने तीन चुका काढल्या, त्या दुरुस्त झाल्या. अठ्ठावीस ऑक्टोबरला स्वीकृतीचं पत्र निघालं आणि स्वप्नाली जिन्याखालच्या खोलीत ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी प्रूफ आलं आणि ते घेऊन रोवेना आणि स्वप्नाली जीनाच्या घरी गेल्या. पहिलं नाव जीना तुस्कानो. दुसरं स्वप्नाली म्हात्रे. तिसरं फ्रेडरिक तुस्कानो, आणि त्याच्या नावाशी एक छोटी खूण.

“हा क्रूस तू घातलास?” जीनाने विचारलं.

“लेखक हयात नसला की सगळीकडे हीच खूण घालतात,” रोवेना म्हणाली. जीनाने त्या खुणेवरून बोट फिरवलं. मग कागद उचलले, चप्पल घातली, आणि तिघी दफनभूमीकडे निघाल्या. प्रूफलाही सर्व लेखकांची संमती लागते.

दुपारची वेळ होती. रामू विळा हातात धरून लांब उभा राहिला, पण या वेळी पळाला नाही. जीनाने शीर्षकापासून सुरुवात केली आणि शेवटच्या आकड्यापर्यंत वाचत गेली, मासला वाचतात तशी, हळूहळू. वाऱ्याने मेणबत्त्या दोनदा विझल्या, स्वप्नालीने दोनदा लावल्या. वाचून झाल्यावर जीना मान कलती करून तशीच उभी राहिली. इतका वेळ, की रोवेनाच्या मानेवरचे केस पुन्हा उभे राहिले.

“काय म्हणाला?” तिने विचारलं, आणि विचारल्यावर तिलाच लाज वाटली.

“पहिलं नाव कोणाचं ते परत वाच म्हणाला,” जीना कागदांची घडी घालत म्हणाली.

“मग?”

“वाचलं ना. मनातल्या मनात, दोनदा.”

संध्याकाळी प्रूफ पोर्टलवरून परत आलं. ‘सर्व लेखकांची संमती’ या चौकोनात खूण होती. रोवेनाने कोणाला काही विचारलं नाही. पूर्णविरामांनंतरच्या जादा जागा मात्र या वेळी छापखान्यानेच पुसल्या होत्या. तिने त्या एकेक करून परत घातल्या आणि निबंध छपाईला सोडला.